परीक्षा विद्यार्थ्याची की तारेची?

परीक्षा घेणारा आणि परीक्षा देणारा यांच्यामध्ये एक अलिखित करार असतो. विद्यार्थ्याने अभ्यास करून नेमल्या वेळी हजर व्हावे. आणि परीक्षा घेणाऱ्याने जागा, बाक, उजेड, घड्याळ, प्रश्नपत्रिका व पर्यवेक्षक यांची तरतूद करावी. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील विद्यापीठे १८५७ साली स्थापन झाली तेव्हापासून आपल्याकडील परीक्षांची सारी इमारत या करारावर उभी आहे. परीक्षेच्या दालनातले दिवे गेले तर त्याचा जाब केंद्रप्रमुखाने द्यावयाचा, विद्यार्थ्याने नव्हे. प्रश्नपत्रिका उशिरा पोचली तर तेवढा वेळ वाढवून मिळावयाचा, आणि तो न मिळाल्यास वर्तमानपत्रांत ओरड व्हावयाची. विद्यार्थ्याने आपली लेखणी व प्रवेशपत्र सांभाळावे, बाकी जोखीम संस्थेची, ही वाटणी इतकी सर्वमान्य होती की ती कागदावर मांडण्याची गरजही कोणास भासली नाही.

२०२० सालच्या महामारीत ही वाटणी एकाएकी उलटली, आणि महामारी सरल्यावरही ती पुष्कळ ठिकाणी उलटीच राहिली आहे. दूरपर्यवेक्षित परीक्षा, म्हणजे आपल्याच घरी, संगणकाच्या कॅमेऱ्यासमोर, दूरवरच्या कोणा पर्यवेक्षकाच्या अगर यंत्राच्या नजरेखाली द्यावयाची परीक्षा, ही आता अपूर्वाईची गोष्ट उरलेली नाही. परदेशी विद्यापीठांच्या प्रवेशासाठी लागणाऱ्या जीआरई व टोफेल या परीक्षा २०२० पासून घरून देता येऊ लागल्या. संगणकव्यवसायातील कितीतरी प्रमाणपत्रे आणि नोकरीपूर्वीच्या चाचण्या याच मार्गाने होतात. पणजीचा, इंदूरचा, बडोद्याचा अगर हैदराबादचा आपला तरुण आज ना उद्या या कॅमेऱ्यासमोर बसणारच आहे.

ही पद्धतच नसावी, असे आमचे म्हणणे नाही. आमची तक्रार निराळी आहे. परीक्षेचे दालन विद्यार्थ्याच्या घरी आले, त्याबरोबर दालनाची सारी जबाबदारीही त्याच्याच माथी आली, परंतु अधिकार मात्र पूर्वीच्या जागी राहिले. बिघाड झाला तर तो विद्यार्थ्याचा दोष. आणि तो खरोखर त्याचा होता की नाही, हे ठरविण्याचा हक्क ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचाच! स्वतःच्या फिर्यादीत कोणी स्वतः न्यायाधीश होऊ नये, हे कायद्याच्या पहिल्या वर्षाला शिकविले जाते. ते येथे कोणाच्या गावीही नाही.

प्रथम हे बिघाड म्हणजे काय, ते पाहू. कारण ज्यांनी ही परीक्षा दिलेली नाही अशा वडीलधाऱ्या वाचकांस हे सारे आळशी विद्यार्थ्यांचे बहाणे वाटण्याचा संभव आहे. परीक्षेपूर्वी एक विशेष सॉफ्टवेअर उतरवून घ्यावे लागते. ते संगणकाचा ताबा घेते, दुसरी कोणतीही खिडकी उघडू देत नाही, कॅमेरा व मायक्रोफोन चालू ठेवते. संगणकातील विषाणूरोधक कार्यक्रम या पाहुण्यालाच चोर समजून अडवितो. विंडोजचे अद्यतन नेमके त्याच घटकेला सुरू होते. पूर्वी कधी कामासाठी उतरविलेले दूरनियंत्रणाचे एखादे साधन संगणकाच्या कोपऱ्यात पडून असले तर तेवढ्यावरून परीक्षा नाकारली जाते. घरातील इंटरनेटच्या जाहिरातीत जो वेग छापलेला असतो तो बहुधा माहिती खाली उतरविण्याचा. कॅमेऱ्याचे चित्र जावयाचे असते वर, आणि वर जाण्याचा वेग पुष्कळदा त्याच्या अंशमात्र असतो. वीज गेली तर लॅपटॉपला बॅटरी असते, पण राउटरला नसते. आणि वीज फार वेळ गेली तर मोबाइलचा मनोराही धापा टाकू लागतो. यांतील एकाही गोष्टीचा विद्यार्थ्याच्या विषयज्ञानाशी तिळमात्र संबंध नाही.

आता याला आपल्या प्रदेशाची जोड द्या. सत्तरी, सांगे व काणकोण या तालुक्यांतील मुले २०२० साली नेटवर्कच्या शोधात डोंगर चढताना साऱ्या देशाने पाहिली. खानापूरच्या जंगलपट्टीत पाऊस सुरू झाला की झाड तारेवर पडते आणि वीज केव्हा येईल हे लाइनमनलाही सांगता येत नाही. शिवाय नावांचा घोटाळा आहे. ओळखपत्रावरील नाव नोंदणीतील नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे, असा या परीक्षांचा दंडक असतो. गोव्यातील जुन्या कुटुंबांत पोर्तुगीज अमदानीतील दाखल्यांची लेखनपद्धती अद्याप चालत आलेली आहे. आजोबांचे आडनाव एका वर्णावलीने, नातवाचे दुसऱ्या. बेळगावकडे मराठी नाव आधी कन्नडात आणि मग रोमन लिपीत जाते आणि वाटेत एखादा स्वर गमावते. बडोद्याकडे आडनाव आधी लिहितात, हैदराबादकडे आद्याक्षरांवर भागते. केंद्रावरचा माणूस चेहरा व कागद पाहून हसून आत सोडतो. यंत्राला हसता येत नाही.

गेल्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातील एक तरुणी आपल्या आईसह आमच्याकडे आली. नोकरीसाठी आवश्यक अशा एका प्रमाणपत्राची परीक्षा तिने घरून दिली होती. निम्मी परीक्षा झाल्यावर वीज गेली, राउटर बंद पडला. चार मिनिटांच्या आत तिने मोबाइलवरून पुन्हा जोडणी केली. परंतु तोवर सत्र संपविले गेले होते. पुढची वीस मिनिटे ती मदतकक्षाच्या रांगेत होती. दुसऱ्या दिवशी इंग्रजीतून पत्र आले: परीक्षेचे वातावरण नियमानुसार नव्हते, गैरप्रकाराची शक्यता नाकारता येत नाही, शुल्क परत मिळणार नाही. वीजमंडळाच्या शाखा कार्यालयात जाऊन, वीज किती वाजता गेली व किती वाजता आली, याचा शिक्क्यानिशी दाखला तिने आणला. उत्तर आले की, बाहेरचे दाखले विचारात घेतले जात नाहीत आणि आमच्या प्रणालीत कोणताही दोष आढळलेला नाही. प्रणालीतील नोंद दाखवा, असे आम्ही लिहिले. ती गोपनीय असल्याचे कळविण्यात आले. नोकरीची मुदत दरम्यान टळून गेली. परंतु त्या आईला नोकरीपेक्षा दुसरेच काही बोचत होते. ते पत्र आमच्यापुढे ठेवून तिने विचारले, "वकीलसाहेब, पोरीनं चोरी केली असं लिहिलंय का हो ह्यात?" चोरी केली असे लिहिलेले नव्हते. चोरी केली नसेल असे सांगता येत नाही, असे लिहिले होते. कायद्यात हा फरक पुष्कळ मोठा. गावात तो शून्य.

ही एकट्या आमच्या अशिलाची कर्मकहाणी असती तर आम्ही लेखणी उचलली नसती. २०२० सालच्या सप्टेंबरात बेंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यालयाने, इतर विधी विद्यापीठांबरोबरची सामाईक प्रवेशपरीक्षा वारंवार लांबणीवर पडत आहे म्हणून, आपली स्वतंत्र प्रवेशपरीक्षा जाहीर केली. ती घरी बसून, दूरपर्यवेक्षणाखाली द्यावयाची होती. जाहीर केल्यापासून परीक्षेपर्यंत जेमतेम दहा दिवसही नव्हते, आणि संगणक व इंटरनेट यांविषयीच्या अटी प्रथम इतक्या कडक होत्या की त्या नंतर शिथिल कराव्या लागल्या. १२ सप्टेंबरला परीक्षा झाली. तांत्रिक अडचणी आलेल्यांसाठी १४ तारखेस ती पुन्हा घ्यावी लागली. प्रश्न बाहेर फुटल्याच्या तक्रारी झाल्या. २१ सप्टेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने राकेश कुमार अगरवाला विरुद्ध राष्ट्रीय विधी विद्यालय या खटल्यात ती परीक्षाच रद्द ठरविली. अपुरी सूचना आणि तांत्रिक अटी यांमुळे पुष्कळ विद्यार्थी संधीस मुकले, हा समतेच्या हक्काचा, म्हणजे राज्यघटनेच्या चौदाव्या अनुच्छेदाचा भंग होय. आणि अशी घरबसली परीक्षा पारदर्शकता व सचोटी राखण्यास समर्थ ठरली नाही, असे न्यायालयाने स्पष्ट म्हटले. सामाईक परीक्षा २८ सप्टेंबरला केंद्रांवर झाली आणि प्रवेश तिच्यावरून दिले गेले. देशातील अग्रगण्य विधिसंस्थेला जे घरबसल्या साधले नाही, ते कोणा खाजगी कंत्राटदाराला सहज साधेल, असे मानणे भाबडेपणाचे आहे.

सधन देशांत तरी हे सुरळीत चालते, असेही नाही. अमेरिकेत मिशिगन राज्याने २८ जुलै २०२० रोजी वकिलीची परीक्षा ऑनलाइन घेतली. तिच्या दुसऱ्या भागाचा संकेतशब्दच परीक्षार्थींना मिळेना. सॉफ्टवेअर कंपनीने सायबर हल्ल्याचे कारण दिले. त्याच उन्हाळ्यात इंडियाना राज्याने पूर्वतपासणीतील बिघाडांना कंटाळून पर्यवेक्षणाचे सॉफ्टवेअर बाजूस सारले आणि पुस्तके उघडी ठेवण्याची मुभा देऊन प्रश्न सरळ ई-मेलने धाडले. फ्लोरिडाने परीक्षेला तीन दिवस उरले असताना ती रद्द केली. कॅलिफोर्नियाच्या ऑक्टोबर २०२०च्या परीक्षेस सुमारे नऊ हजार उमेदवार बसले. त्यांपैकी तीन हजारांहून अधिकांची चित्रफीत आरंभी संशयास्पद ठरली. माणसांनी त्या फिती डोळ्यांखालून घातल्यावर बहुतेकांना निर्दोष सोडावे लागले. तीन उमेदवारांत एकावर संशय घेणारा पर्यवेक्षक आपण कोणत्याही परीक्षा-दालनात दुसऱ्या दिवशी ठेवला नसता. तो यंत्र आहे एवढ्यावरून मात्र त्याला शास्त्रीय म्हणावयाचे! चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण आपल्या पूर्वजांनी यंत्र न पाहताच रचली.

या यंत्राला संशय कशाचा येतो? नजर पडद्यावरून ढळली, ओठ हलले, चेहरा चौकटीबाहेर गेला, मागून आवाज आला, दुसरा चेहरा दिसला. ज्याला स्वतंत्र खोली, बंद दार आणि शांत गल्ली आहे त्याचे ठीक. दोन खोल्यांत पाच माणसे राहतात, शेजारी देवळाची घंटा वाजते, आजी औषध विचारायला येते, अशा घरातील मुलाने काय करावे? प्रश्न पुटपुटत वाचण्याची सवय ही लबाडी नव्हे. चेहरा ओळखणाऱ्या यंत्रांचीही नजर सर्वांवर सारखी नाही. चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष ओळखणाऱ्या काही व्यापारी प्रणालींची २०१८ साली तपासणी झाली, तेव्हा गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक शेकडा एकाहूनही कमी, तर काळसर वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ती शेकडा ३४ पर्यंत आढळली. ती तपासणी परीक्षांच्या सॉफ्टवेअरची नव्हती, हे आम्ही मान्य करतो. परंतु "तुमचा चेहरा दिसत नाही, दिवा लावा" ही सूचना सावळ्या मुलीस मिळते तेव्हा दोष दिव्याचाच असेल, असे गृहीत धरण्यासही आम्ही तयार नाही.

कॅमेरा सभोवार फिरवून खोली दाखवा, ही आज्ञाही तशीच. अमेरिकेतील ओहायो राज्यातील एका सरकारी विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने या खोली-दर्शनाविरुद्ध दाद मागितली आणि २२ ऑगस्ट २०२२ रोजी तेथील संघराज्य जिल्हा न्यायालयाने ही अवाजवी झडती होय, असा निकाल दिला. आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमुखाने सांगितले. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आणि हेतू संपल्यावर माहिती पुसून टाकावी, हे त्यातील एक सूत्र आहे. घरातील देव्हारा, दोरीवरचे कपडे, खाटेवरचा आजारी बाप यांची चित्रफीत कोठे जाते, किती दिवस राहते, कोण पाहतो, हे विचारण्याचा विद्यार्थ्यास अधिकार आहे. परंतु परीक्षेस दोन मिनिटे उरली असताना "मान्य आहे" या चौकोनावर बोट ठेवणाऱ्याची संमती ही संमतीच नव्हे.

कोणी म्हणेल, विद्यार्थ्याने ग्राहक न्यायालयात जावे. येथे कायद्याने आधीच एक दार लावून घेतले आहे. बिहार शाळा परीक्षा मंडळाच्या खटल्यात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, परीक्षा घेणारे वैधानिक मंडळ हे सेवा विकणारे नव्हे आणि परीक्षार्थी हा ग्राहक नव्हे. मंडळ खाजगी कंत्राटदाराकडे बोट दाखवितो, कंत्राटदार मंडळाशी झालेल्या कराराकडे. आणि त्या करारात विद्यार्थी पक्षकारच नाही. राहिला उच्च न्यायालयातील रिट अर्ज. पाचशे-हजार रुपयांच्या परीक्षेसाठी धारवाडच्या खंडपीठापुढे अगर पर्वरीच्या न्यायालयात कोणता बाप जाईल? अन्याय लहान ठेवला की तो न्यायालयापर्यंत पोचत नाही, हे अशा संस्थांना पक्के ठाऊक असते.

पुराव्याच्या कायद्यात एक साधे तत्त्व आहे. जी गोष्ट विशेषतः एखाद्याच्याच माहितीतली असेल ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर. १८७२च्या जुन्या अधिनियमात हे कलम १०६ होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम १०९ आहे. जोडणी कोणत्या क्षणी तुटली, सर्व्हर त्या वेळी जागा होता की नाही, शेवटचे उत्तर केव्हा जमा झाले, यांची सेकंदासेकंदाची नोंद परीक्षा घेणाऱ्याजवळ असते. विद्यार्थ्याजवळ काळ्या पडद्यावाचून काही नसते. आणि तरी सिद्ध कर, असे सांगितले जाते ते विद्यार्थ्याला! परीक्षा मंडळे म्हणजे न्यायालये नव्हेत आणि त्यांना हे कलम जसेच्या तसे लागू नाही, हे आम्ही जाणतो. पण ते तत्त्व केवळ न्यायालयाचे नाही, ते सामान्य शहाणपणाचे आहे.

विरुद्ध बाजूने दोन मुद्दे मांडले जातात. दोन्ही दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. पहिला असा की, घरची परीक्षा दुर्गम गावांतील मुलांना, तान्ह्या मुलाच्या आईला, अपंगांना सोयीची आहे. ती जरूर सोयीची आहे, पण जोवर ती निवडता येते तोवर. सक्तीची झाली की सोय कशी गैरसोय होते, याचे उदाहरण दिल्ली विद्यापीठाच्या २०२० सालच्या घरबसल्या, पुस्तक-उघड्या परीक्षेत दिसले. तिच्याविरुद्ध अंधांच्या संघटनेस दिल्ली उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली. दुसरा मुद्दा असा की, विद्यार्थी खोटे बोलतात. प्रश्न अवघड आला की मुद्दाम तार काढतात. काढत असतीलही. परंतु तसे झाले की नाही, हे सांगणारी नोंद तुमच्याच पेटीत आहे. ती उघडून दाखवा, हा सूर्य आणि हा जयद्रथ! लबाड उघडा पडेल आणि निरपराध सुटेल. पेटी बंद ठेवून दोघांनाही एकाच मापाने मोजण्यात सचोटीचे रक्षण कोठे होते, ते आम्हांस कळत नाही.

म्हणून आमच्या मागण्या अगदी साध्या आहेत. घरची परीक्षा देण्यास प्रत्येकास केंद्राचा पर्याय असावा आणि तो तालुक्याच्या ठिकाणापासून फार दूर नसावा. जोडणी तुटल्यास उत्तरे विद्यार्थ्याच्या संगणकातच जपली जावीत, घड्याळ थांबावे आणि जोडणी परतताच परीक्षा पुढे चालू व्हावी. मागेल त्याला त्याच्या सत्राची संपूर्ण नोंद ठराविक मुदतीत मिळावी. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने परीक्षार्थीस स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकाराखाली पाहण्याचा हक्क दिला. सत्राची नोंद ही उत्तरपत्रिकेचीच आजची बहीण होय. गैरप्रकाराचा नुसता संशयही लेखी व्यक्त करण्यापूर्वी माणसाने चित्रफीत पाहावी आणि विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकावे. वीजमंडळाचा अगर दूरसंचार कंपनीचा दाखला ग्राह्य धरावा. बिघाड विद्यार्थ्याचा असल्याचे सिद्ध न झाल्यास शुल्क न घेता फेरपरीक्षा व्हावी. सूचना व मदत मराठीत, कोंकणीत, कन्नडात, ज्याच्या त्याच्या भाषेत मिळावी. गणिताच्या परीक्षेत बिघडलेल्या संगणकाविषयी इंग्रजीत वाद घालण्याचा पेपर कोणी नेमलेला नव्हता. आणि चित्रफिती निकालानंतर किती दिवसांनी पुसल्या जातील, हे अर्जातच छापावे.

यांपैकी एकाही गोष्टीला नवे विज्ञान लागत नाही. लागते ती एवढीच कबुली की, जो परीक्षा घेतो त्यानेच दालन सांभाळावे, मग ते दालन कोणाच्याही घरात असो. आमच्या वाचकांत प्राध्यापक आहेत, विद्यापीठांच्या मंडळांवरील सभासद आहेत, वकील आहेत. दूरपर्यवेक्षणाचा पुढचा करार सहीसाठी समोर येईल तेव्हा त्यांनी त्यातील शेवटची पाने, बारीक अक्षरातली, अवश्य वाचावीत आणि बिघाडाची जोखीम कोणावर टाकली आहे, ते पाहावे. ती विद्यार्थ्यावर असेल तर सही करू नये. विद्यार्थ्यांनीही आपल्या पडद्याची छायाचित्रे, वेळा, पत्रे आणि दाखले जपून ठेवावेत. एकेकटा अर्ज टोपलीत जातो, पण शंभर अर्ज एकत्र आले की त्यांना क्रमांक द्यावा लागतो. परीक्षेत नापास होण्याचा हक्क प्रत्येक विद्यार्थ्याला आहे. मात्र ते नापास होणे त्याच्या स्वतःच्या उत्तरांनी व्हावे, झाडाखाली तुटून पडलेल्या तारेने नव्हे.